शून्य मैलाचा दगड आणि दहा लाख गाठींचे जाळे

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, विधान भवनाजवळ, वालुकाश्माचा एक खांब उभा आहे. त्याच्यासोबत चार घोड्यांचे पुतळे आहेत. हाच शून्य मैलाचा दगड. शाळांच्या सहली इथे येतात आणि 'हा भारताचा मध्यबिंदू' असे मुलांना सांगितले जाते. खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा ठिकाणांची मैलांतली अंतरे कोरलेली आहेत. मात्र याच आवारातल्या दुसऱ्या एका खुणेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ती आहे १९०७ सालचा सर्वेक्षण खात्याचा बेंचमार्क, म्हणजे उंचीची प्रमाण खूण. तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी नोंदलेली आहे.

फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! नागपूरहून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र पाचशे किलोमीटरपेक्षा दूर आहे. मग ही उंची ठरवली कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण एका फार मोठ्या जाळ्यापाशी येऊन पोहोचतो. गंमत अशी, की त्या जाळ्याचा हिशेब जुळवण्यासाठी जे गणित वापरले गेले, त्याच गणिताच्या आधारे आजचा संगणक लाखो गाठींची जाळी पडद्यावर पसरून दाखवतो. हे नाते कसे जुळले, आणि या दोन जाळ्यांत एक महत्त्वाचा फरक कोणता, हे आपण या लेखात पाहू. फरक कळला नाही तर चित्र सुंदर दिसते आणि अर्थ मात्र चुकीचा लागतो.

गाठी आणि दुवे

'जाळे' हा शब्द इथे गणिताच्या अर्थाने घ्यायचा आहे. काही गाठी आणि त्यांना जोडणारे काही दुवे, एवढेच त्यात असते. गाठी म्हणजे गावे असतील, माणसे असतील, संगणक असतील. दुवा म्हणजे रस्ता, ओळख किंवा तार. १७३६ साली ऑयलर याने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचे कोडे सोडवले तेव्हा त्याने हेच केले. पुलांची लांबी, बेटांचा आकार हे सारे त्याने सोडून दिले आणि कोण कोणाला जोडलेले आहे, एवढेच विचारात घेतले. अशा रचनेला 'ग्राफ' हे नाव सिल्व्हेस्टरने १८७८ साली दिले. शाळेत क्ष-अक्ष आणि य-अक्ष काढून जो आलेख आपण शिकवतो, त्याहून हा ग्राफ वेगळा. म्हणून घोटाळा टाळण्यासाठी आम्ही 'जाळे' हाच शब्द वापरणार आहोत.

शून्य मैलाचा खांब म्हणजे असे एक छोटेसे जाळेच आहे. मध्ये एक गाठ, भोवती काही गाठी, आणि प्रत्येक दुव्यावर मैलांचा आकडा. पण यातून हैदराबाद ते जबलपूर अंतर कळत नाही. सगळे दुवे एकाच जागेवरून मोजलेले आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

त्रिकोणांची साखळी

भारताच्या मोठ्या जाळ्याची सुरुवात १८०२ साली मद्रासजवळ झाली. विल्यम लॅम्ब्टन याने तिथे सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो देशाच्या अंतर्भागात शिरला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, मग त्यातल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. हे काम घेऊन लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरला निघाला होता. १८२३ च्या जानेवारीत वाटेतच, हिंगणघाट इथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

या कामाचे निर्देशक नकाशे पाहिले, तर त्यांत डोंगर, जंगले, शेते जवळजवळ नाहीतच. दिसतात ती फक्त ठाणी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणजे त्रिकोणांच्या उभ्या-आडव्या साखळ्या. भारतभूमीवर उभ्या केलेल्या एका प्रचंड जाळ्याचे ते चित्र आहे.

पण चित्र काढण्याआधी हिशेब जुळायला हवा. प्रत्येक कोन मोजताना थोडी चूक होतेच. दोन वेगळ्या साखळ्यांनी एकाच ठाण्यावर पोहोचलो, तर दोन वेगळी उत्तरे येतात. मग सगळ्या मोजमापांना एकाच वेळी न्याय देणारे उत्तर शोधावे लागते. त्यासाठी लघुतम वर्गांची पद्धत आहे. ती लजांद्रने १८०५ साली प्रसिद्ध केली आणि गाउसने तिचा पाया घातला. मोजमापात करावी लागणारी प्रत्येक दुरुस्ती घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल असे उत्तर निवडायचे.

म्हणायला सोपे, पण भारताच्या जाळ्यात समीकरणे इतकी होती, की ती एकदम सोडवणे हाताने आकडेमोड करणाऱ्यांना अशक्य होते. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा माणसाचा हुद्दा होता. १८३१ साली या खात्यात दाखल झालेले राधानाथ सिकदर हे असेच एक गणक. शेवटी वॉकर यांच्या देखरेखीखाली संपूर्ण त्रिकोणजाळ्याचे पाच भाग पाडण्यात आले आणि एकेक भाग सोडवून ते एकमेकांना जोडण्यात आले. मोठे जाळे एकदम पेलत नसेल तर त्याचे तुकडे करावे, हा धडा संगणकाच्या जमान्यातही पुन्हा गिरवावा लागला.

नऊ बंदरांना टाचलेले जाळे

उंचीचे जाळे वेगळे होते. दोन उभ्या पट्ट्यांच्या मध्ये दुर्बिणीचे लेव्हल यंत्र ठेवायचे, दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे वाचायचे आणि उंचीतला फरक काढायचा. मग यंत्र उचलून पुढे. असे करत करत शेकडो मैल जायचे. भारतात हे सूक्ष्म समतलन १८५८ साली सुरू झाले आणि १९०९ साली त्याच्या पहिल्या जाळ्याचा एकत्रित हिशेब पूर्ण झाला. त्यासाठी कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणची समुद्राची सरासरी पातळी शून्य धरली होती. म्हणजे जाळ्याच्या नऊ गाठी समुद्रकिनाऱ्यावर पक्क्या टाचल्या आणि आतल्या सगळ्या गाठींना आपापली उंची शोधू दिली.

आतली गाठ आपली उंची कशी शोधते, हे एका लहान उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. क आणि ख ही दोन गावे. क हे पहिल्या बंदरापासून मोजले तर ३११.०० मीटर उंच आणि दुसऱ्या बंदरापासून मोजले तर ३११.०६ मीटर उंच निघते. ख हे तिसऱ्या बंदरापासून २५०.०० मीटर उंच निघते. आणि क हे ख पेक्षा ६१.१८ मीटर उंच आहे, असे थेट मोजमाप सांगते. हे आकडे आपसांत जुळत नाहीत, हे उघड आहे.

सगळी मोजमापे सारख्याच भरवशाची मानली, तर लघुतम वर्गांचा नियम फार साध्या रूपात येतो: प्रत्येक गाठीची उंची ही तिच्या शेजाऱ्यांनी सुचवलेल्या उंचींची सरासरी असली पाहिजे. प्रारंभी ख ची उंची २५०.०० धरू. मग क साठी तीन सूचना मिळतात: ३११.००, ३११.०६ आणि ३११.१८. त्यांची सरासरी ३११.०८. आता ख साठी दोन सूचना: बंदराकडून २५०.०० आणि क कडून २४९.९०. सरासरी २४९.९५. पुन्हा क कडे वळलो, की ३११.०६३ येते, मग ख ची उंची २४९.९४२ होते. असे करत गेलो तर क ३११.०६ वर आणि ख २४९.९४ वर स्थिरावते. आठवीच्या विद्यार्थ्यांना हे फळ्यावर सहज करता येईल.

टप्प्याटप्प्याने उत्तर सुधारत नेण्याची ही युक्ती गाउसला चांगली ठाऊक होती. सर्वेक्षणाच्या हिशेबात ती कशी वापरावी, हे त्याने आपला जुना विद्यार्थी गेर्लिंग याला एका पत्रात समजावून सांगितले आहे. पत्राचे साल १८२३. ज्या वर्षाच्या आरंभी हिंगणघाटला लॅम्ब्टनचा शेवट झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस ते लिहिले गेले.

सरासरीतून चित्र

आता वेगळ्याच प्रांतात जाऊ. १९३४ साली जेकब मोरेनो याने शाळेतल्या मुलांच्या आवडीनिवडीची चित्रे प्रसिद्ध केली. शेजारी कोण बसलेले आवडेल, असे मुलांना विचारायचे, प्रत्येक मूल म्हणजे एक गाठ आणि प्रत्येक निवड म्हणजे एक दुवा. वर्गातले गट, मुलगे आणि मुली यांच्यातली दरी, कोणीच न निवडलेले एखादे मूल, हे सारे कागदावर दिसू लागले. पण गाठी कागदावर कुठे मांडायच्या, हे मोरेनो नजरेच्या अंदाजानेच ठरवत असे. माणसांच्या जाळ्याला अक्षांश-रेखांश नसतात!

गाठींची जागा गणिताने ठरवण्याचा मार्ग विल्यम टट याने १९६३ साली दाखवला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक लिपी उलगडणाऱ्यांपैकी हा गणिती. त्याची कृती अशी: बाहेरच्या काही गाठी एका बहुभुजाकृतीच्या कोपऱ्यांवर पक्क्या करा, आणि आतली प्रत्येक गाठ तिच्या शेजाऱ्यांच्या सरासरी जागी ठेवा. जाळे मुळात रेषा न छेदता काढण्याजोगे आणि पुरेसे घट्ट विणलेले असेल, तर या कृतीने रेषा एकमेकींना छेदणार नाहीत, हे टटने सिद्ध केले.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की समतलनाचा हिशेबही हाच आहे. तिथे नऊ बंदरे टाचलेली, इथे बहुभुजाचे कोपरे. तिथे शेजाऱ्यांनी सुचवलेल्या उंचींची सरासरी, इथे शेजाऱ्यांच्या जागांची सरासरी. एकातून नागपूरसारख्या दूरच्या ठिकाणाची उंची निघते, दुसऱ्यातून चित्र.

पण मोरेनोच्या वर्गाला किंवा आजच्या टेलिफोनच्या जाळ्याला बाहेरचे कोपरे असे नसतातच. टाचण्या काढून घेतल्या तर काय होईल? प्रत्येक गाठ शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकत राहील आणि अखेर सगळे जाळे एकाच बिंदूत गोळा होईल! यावर १९८४ साली पीटर ईड्स याने तोड काढली. गाठी म्हणजे पोलादी कड्या, दुवे म्हणजे स्प्रिंगा असे समजावे. जोडलेल्या कड्यांना स्प्रिंग जवळ ओढते, न जोडलेल्या कड्या एकमेकींना दूर ढकलतात. ही ओढाताण शांत झाली, की जे उरेल ते चित्र. १९८९ साली कामादा आणि कावाई यांनी, १९९१ साली फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी ही पद्धत सुधारली. समुद्राची जागा आता अपकर्षणाने घेतली.

दहा लाखांचा प्रश्न

तीस गाठी असतील तर हे झटपट होते. दहा लाख असतील तर? प्रत्येक गाठ दुसऱ्या प्रत्येक गाठीला ढकलते, म्हणजे सुमारे ५० हजार कोटी जोड्या. सेकंदाला एक कोटी जोड्या हिशेबात घेतल्या तरी सर्व गाठी एकदा सरकवायला जवळजवळ १४ तास लागतील, आणि असे शेकडो टप्पे हवेत. मदत आली ती खगोलशास्त्राकडून. दीर्घिकांमधल्या ताऱ्यांची गती काढताना बार्न्स आणि हट यांनी १९८६ साली एक युक्ती वापरली होती. दूरच्या ताऱ्यांचा पुंजका असेल तर त्यातला तारा न् तारा मोजू नये, सगळा पुंजका एकच मोठा तारा समजावा. या युक्तीने ५० हजार कोटींचे काम साधारण दोन कोटींच्या पटीत येते, म्हणजे तासांचे सेकंद होतात. २००० च्या सुमारास वॉलशॉ आणि इतरांनी आणखी एक पायरी जोडली. शेजारच्या गाठी जोडीजोडीने एकत्र करत जाळे लहान करत न्यायचे, लहान जाळ्याचे चित्र आधी काढायचे, मग ते टप्प्याटप्प्याने उलगडायचे. वॉकर यांच्या पाच भागांचीच आठवण व्हावी!

हिशेब आटोक्यात आला, तरी डोळ्यांचे काय? १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके मावतात. दहा लाख गाठी म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोनच ठिपके, आणि दुव्यांच्या रेषा अजून काढायच्याच आहेत. परिणामी पडद्यावर केसांचा गुंता दिसतो.

म्हणून चित्र स्थिर न ठेवता त्याला प्रश्न विचारता यावेत, अशी सोय करण्यात आली. १९८६ साली फर्नास याने माशाच्या डोळ्याचे तत्त्व सुचवले: जिथे आपण पाहतो तो भाग मोठा, लांबचे सारे लहान, पण नजरेआड काहीच नाही. १९९६ साली बेन श्नायडरमन याने अशा प्रणालींसाठी एक क्रम घालून दिला. आधी समग्र दर्शन, मग जवळ जाणे आणि नको ते गाळणे, आणि मागितला तरच तपशील. गाठीवर बोट ठेवले की तिचे शेजारी उजळावेत, दाट गट एका ठिपक्यात मिटावा आणि हवा तेव्हा उघडावा, अशी ही जिवंत चित्रे आहेत. चांगला शिक्षकही नकाशा असाच शिकवतो. तो आधी देश दाखवतो, मग राज्य, मग आपला तालुका.

हरवलेल्या टाचण्या

आता सुरुवातीला सांगितलेल्या फरकाकडे येऊ. समतलनाच्या जाळ्यात ३११ मीटर या आकड्याला अर्थ आहे, कारण ते जाळे समुद्राला टाचलेले आहे. अर्थात ती टाचणीसुद्धा एक गृहीतच होती. सर्व बंदरांवर समुद्राची सरासरी पातळी अगदी एकच नसते, हे पुढच्या मोजमापांनी दाखवले. तरी गृहीत कोणते, हे निदान लिहून ठेवलेले होते. स्प्रिंगांच्या चित्राला मात्र टाचणीच नाही. ते फिरवा, आरशात पाहा, सुरुवात वेगळ्या मांडणीने करा, चित्र बदलते आणि जाळे तेच राहते. त्यात वर-खाली, डावे-उजवे यांना काहीच अर्थ नाही. पडद्यावर दोन गाठी जवळ दिसल्या, म्हणून त्या एकमेकींना जोडलेल्या असतीलच असे नाही.

'मध्य' या शब्दाचीही तीच गत. १९९८ साली चेस्विक आणि बर्च यांनी बेल प्रयोगशाळेतून इंटरनेटचे चित्र काढायला घेतले. सुमारे एक लाख गाठींचे ते चित्र पुढे खूप गाजले. पण त्यातले मार्ग त्यांनी आपल्याच एका संगणकापासून मोजले होते, त्यामुळे साऱ्या फांद्यांचे मूळ तोच संगणक होता. शून्य मैलाच्या खांबावरून मोजलेली अंतरेही अशीच नागपूरला मध्यभागी ठेवतात. जिथे उभे राहून मोजावे, तो मध्य!

रेल्वेचे उदाहरण घ्या. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. रुळांच्या जाळ्यात नागपूरचे दुवे अजनी, गोधनी अशा शेजारच्या स्टेशनांशी आहेत. २००३ साली पारंगमा सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रेल्वेचे जाळे अभ्यासले, तेव्हा दुव्याची व्याख्या वेगळी केली: एखादी तरी गाडी ज्या दोन स्टेशनांवर थांबते, ती दोन जोडलेली. या जाळ्यात नागपूर थेट दिल्ली, चेन्नई, मुंबई आणि हावडा यांचे शेजारी होते, आणि देशातल्या कोणत्याही दोन स्टेशनांमधले अंतर गाड्या बदलण्याच्या हिशेबात फारच थोडे उरते. यातले कोणते चित्र खरे? दोन्ही. रूळ दुरुस्त करणाऱ्याला पहिले हवे, प्रवाशाला दुसरे.

आज रोगाचा फैलाव, विजेचे वितरण, पैशांची देवघेव अशा कितीतरी गोष्टींची जाळी काढली जातात आणि त्यांच्याकडे पाहून निर्णय घेतले जातात. कोण मध्यावर, कोण काठावर, कोण कोणाच्या गटात, हे चित्रावरून ठरवले जाते. यातले किती मोजमापाचे आणि किती मांडणीचे, हा प्रश्न विचारायची सवय शाळेतच लागायला हवी.

त्यासाठी संगणक लागतोच असे नाही. एका फळीवर तीन खिळे ठोकून, मध्ये दोन-तीन कड्या रबराच्या तुकड्यांनी जोडल्या, की टटची सरासरी हाताशी येते. एखादा खिळा काढा, सगळे चित्र सरकते. मग पाचसहा गावांचे आणि त्यांच्यातल्या एस.टी. गाड्यांचे जाळे मुलांना वेगवेगळ्या तऱ्हांनी काढायला सांगावे आणि कोणते गाव 'मध्यावर' आहे ते विचारावे. उत्तरे निरनिराळी येतील, त्यावर वर्गात चांगली चर्चा होते. मात्र मोरेनोचा प्रयोग वर्गात केला, तर ते चित्र भिंतीवर लावू नये. काठावर पडलेले मूल आपले नाव लगेच ओळखते, आणि ती जागा मांडणीने ठरली की निवडीने, हे त्याला कोणी सांगत नाही.

पुढच्या सहलीत शून्य मैलाच्या दगडापाशी गेलात, तर 'हा भारताचा मध्यबिंदू' एवढ्यावर थांबू नका. १०२०.१७१ हा आकडा मुलांना दाखवा आणि विचारा, 'कुठून मोजले?' नकाशा असो की पडद्यावरचे दहा लाख गाठींचे जाळे, पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.